तुमची हाक पोहोचली, थांबा

बुधवार, १० ऑगस्ट २०१६

काल, मंगळवार, ९ ऑगस्ट २०१६ रोजी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी कामठ्याच्या खुशालने आमच्या रक्तासाठीच्या नंबरवर निरोप पाठवला: मुलगी भूमिका, वय नऊ, ओ निगेटिव्ह, लवकर. निरोप क्लाउडवाल्या कंपनीच्या रांगेत शिरला. शिरल्याची पावती खुशालच्या मोबाइलवर आहे. त्यानंतर तो कोणालाही दिसला नाही.

भूमिकाला सिकलसेल आहे. तिला दर महिन्याला रक्त लागतं. काल तिच्या रक्ताची तारीख नव्हती, पण ताप आला आणि रक्त एकाएकी उतरलं. संध्याकाळी श्वास लागला तेव्हा खुशालने तिला टेम्पोत घालून गोंदियाला आणलं. रक्तपेढीत त्या गटाची पिशवी नव्हती. तिथून अँब्युलन्सने नागपूर. आज सकाळी त्याचा फोन माझ्या सोबतीला असणाऱ्या लीलाबाईला आला. मुलगी बेशुद्ध आहे.

ज्याने रक्त द्यायचं तो चुन्नीलाल बिरसीच्या विमान शाळेत जीप चालवतो. काल दिवसभर तिथे होता, फोन सुरू होता. मी त्याला आज विचारलं तर म्हणाला, "मॅडम, मी तं सकाळपासून रिकामाच बसलो होतो ना." त्याला कोणी विचारलंच नाही.

आता हे प्रकरण मी सोडणार नाही.

गुरुवार, ११ ऑगस्ट

कंपनीशी भांडायचं तर सगळं क्रमाने लिहिलेलं असावं. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

मी शामकला गजभिये, टेलिफोन खात्याच्या गोंदिया ट्रंक एक्स्चेंजची निवृत्त सुपरवायझर. बाबा रेल्वेत होते. त्यांनी हट्टाने मला नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये घातलं. तिथल्या सिस्टर लोकांनी दोन गोष्टी अंगात मुरवल्या, वळणदार अक्षर आणि आपली पाळी येईपर्यंत तोंड बंद ठेवणं. दुसरीचा उपयोग बाकीच्यांना शिकवण्यापुरताच झाला.

मागच्या वर्षी लीलाबाई शेंडे, अल्का आणि मी, तिघी जुन्या ऑपरेटर, मिळून 'हाक' सुरू केली. जिल्ह्यात रक्ताची गरज असणाऱ्याने एका नंबरवर निरोप पाठवायचा. आम्ही त्या गटाचा दाता शोधून त्याला फोन करायचा, तो निघाला की घरच्यांना कळवायचं. पहिले तीन महिने लीलाबाईच्या मोबाइलवर निरोप येत. ती आंघोळीला गेली की जिल्हा थांबायचा. मग प्रफुल्ल बिसेनला बोलावलं. त्याचं बाजारात कॉम्प्युटरचं दुकान आहे, दोन मुलांचा बाप, तोंडात तंबाखूचा खर्रा असला तरी डोकं स्वच्छ.

त्याने सांगितलं की निरोप आपल्या कॉम्प्युटरवर ठेवूच नका. हैदराबादच्या एका कंपनीची सोय आहे, तिथे वर एक रांग ठेवता येते. निरोप येईल तसा रांगेत लागेल. आपल्याकडे वीज जावो, नेट जावो, तो तिथे वाट पाहत राहील. आपण आलो की पुढचा निरोप खाली घ्यायचा. एकीने घेतला की तो दुसरीला दिसत नाही. तिने काम करून 'झालं' दाबलं तरच कायमचा पुसला जातो. ती मध्येच उठून गेली तर दहा मिनिटांनी आपोआप पुन्हा रांगेत येतो.

मला हसू आलं. हे तर आमचं ट्रंक बोर्डच. तेव्हाही परगावच्या कॉलच्या बुकिंगची पर्ची एकीने उचलली की दुसरीने हात लावायचा नाही, आणि पलीकडचा माणूस 'हॅलो' म्हणेपर्यंत पर्ची फाडायची नाही. मी प्रफुल्लला म्हणाले, तुझ्या कंपनीने आमच्याकडून चोरलं आहे. तो म्हणाला, "चोरलं तं चोरलं मॅडम, चालते ना?"

मांडणी मात्र मी केली. माझ्या बैठकीत दोन कॉम्प्युटर, भिंतीवर मोठा पडदा, त्याला आम्ही पाटी म्हणतो. दिवसा लीलाबाई आणि मी, रात्री अल्का येऊन बसते, तिला तशीही झोप नसते. नियम माझे. निरोप एकदाच पाठवायचा. फोन करायचा नाही, कारण फोन करणारे सगळे कोणाचे तरी मेव्हणे असतात आणि रांग मोडते. दाता मिळाल्याचा आमचा फोन येईपर्यंत घरून निघायचं नाही, नाहीतर लोक उगाच दवाखान्याच्या ओट्यावर दिवस काढतात. पावतीचा मजकूरही मीच घडवला: 'तुमची हाक पोहोचली. थांबा. पुन्हा पुन्हा कळवू नये.' नम्र आणि स्पष्ट.

आणि पाटी स्वच्छ. हे मी प्रफुल्लकडून खास करून घेतलं. एक्स्चेंजमध्ये माझ्या पाळीनंतर बोर्डावर जुनी पर्ची दिसली असं कधी झालं नाही. रात्री बारानंतर उरलेली साधी बुकिंगं बाद, ज्याला गरज असेल तो सकाळी नव्याने बुक करील. प्रफुल्लला मी सांगितलं, सकाळचा शिळा निरोप संध्याकाळच्या पाटीवर मला दिसता कामा नये, आपोआप गेला पाहिजे. तो म्हणाला, "मॅडम, गेला तो गेला. वापस नाही येत." मी म्हणाले, शिळं अन्न आपण परत ताटात घेतो का? त्याने तसं करून दिलं. तेव्हापासून पाटी आरशासारखी आहे. एकही तक्रार नाही.

एवढी चोख व्यवस्था आणि त्या कंपनीने पोरीचा निरोप गिळला.

शुक्रवार, १२ ऑगस्ट

मंगळवारचं आठवून लिहिते. रस्ता खोदणाऱ्यांनी केबल तोडली ती साडेअकराच्या सुमारास. डोंगलचं नेटही त्याच केबलच्या जिवावर, तेही मेलं; साधे फोन तेवढे लागत होते. आम्ही दोघी बसून राहिलो. लीलाबाईने अस्वस्थ होऊन तीनदा विचारलं की दात्यांना असेच फोन करून ठेवायचे का. मी म्हणाले, कोणासाठी? निरोप वर सुरक्षित आहेत, लाइन आली की एकेक घेऊ. संध्याकाळी सातला लाइन आली. पाटीवर एकच निरोप होता, तिरोड्याहून साडेतीनला आलेला. लीलाबाईने अर्ध्या तासात दाता काढून दिला. पाटी स्वच्छ झाली. मी समाधानाने चहा केला. हो, केला. ती कामठ्याची पोरगी तेव्हा टेम्पोत होती आणि मी चहात आलं किसत होते. हे माझं मला लिहिलंच पाहिजे.

पण मुद्दा असा की साडेतीनचा निरोप सुखरूप राहतो आणि बाराचा गायब होतो, हा कुठला न्याय? रांगेत आधी उभा राहिलेला मागे पडतो? आमच्या काळी अशा ऑपरेटरला मी दारातून बाहेर काढलं असतं.

नागपूर: अजून शुद्ध नाही. रक्त तिथे मिळालं, दोन पिशव्या चढल्या.

रविवार, १४ ऑगस्ट

कंपनीच्या मदत-क्रमांकावर एक तरुण मिळाला, इंग्रजी बरं होतं, घाई फार. मी त्याला त्याच्या दुप्पट बऱ्या इंग्रजीत सगळं सांगितलं. तो म्हणाला, आमच्याकडून काही हरवलेलं नाही. तुमच्या रांगेत निरोपाचं आयुष्य सहा तासांचं ठरवलेलं आहे, तेवढ्यात कोणी घेतला नाही तर तो संपतो.

सहा तास! मी विचारलं, सहा तास हा आकडा कोणी ठरवला? म्हणाला, ग्राहकाने. मी म्हणाले, ग्राहक मी आहे, मी जन्मात कोणाला 'सहा तास' म्हटलेलं नाही. तो म्हणाला, मॅडम, कोणीतरी म्हटलं असेल.

'कोणीतरी' हा शब्द मी एक्स्चेंजमध्ये चालू दिला नाही. मी फोन ठेवला.

मंगळवार, १६ ऑगस्ट

भूमिकाने काल डोळे उघडले. खुशालने लीलाबाईला फोनवर सांगितलं की आईला ओळखलं, पाणी मागितलं. उजवा पाय मात्र हलवत नाही. डॉक्टर म्हणतात, थांबून पाहू. मी लीलाबाईच्या हातून फोन घेणार होते. तिने दिला नाही. म्हणाली, आता नको.

दुपारी प्रफुल्लला बोलावलं. सहा तासांचं सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. मी विचारलं, अशी काही मर्यादा होती हे तुला माहीत होतं का? तो की-बोर्डावरची धूळ पुसू लागला. मग म्हणाला, "सेटिंग असते मॅडम. होऊन गेली असेल."

"होऊन गेली असेल म्हणजे? सेटिंग काय पाऊस आहे, आपोआप पडायला?"

"मी पाहतो मॅडम. मी दुरुस्त करतो. तुम्ही टेन्शन नका घेऊ."

तो चहा न घेता गेला. कंपनीने त्याच्या माथी मारायचा डाव टाकला आहे आणि भला माणूस घाबरला आहे, हे मला दिसतं. त्याच्या बाजूने मी उभी राहीन. मी असेपर्यंत त्याच्यावर कोणी बोट ठेवणार नाही.

शुक्रवार, १९ ऑगस्ट

पाय थोडा हलतो.

शनिवार, २० ऑगस्ट

आज सकाळी पाटीवर कालचे दोन निरोप तसेच! दोन्ही घरच्यांनी परस्पर रक्त मिळवलेलं. कोणी 'झालं' दाबलेलं नाही म्हणून ते लोंबकळत होते. आधी असं व्हायचं नाही, आपोआप जायचे. अल्काला विचारलं, तिने खांदे उडवले. प्रफुल्लला फोन केला, म्हणाला, "आता असंच राहीन मॅडम. सात दिवस राहीन. झालं दाबा, जाईन."

म्हणजे कंपनीने चूक झाकायला गुपचूप आणखी काहीतरी बदललं. आधी गिळत होते, आता उलटी करत आहेत. हा दुसरा अपराध.

लीलाबाई दोन्ही निरोपांच्या घरी फोन करून खात्री करत बसली आणि मग एकेक पुसला. दुपारी जेवताना ती अचानक म्हणाली, "शामकला, आपल्या ट्रंकले रात्री बारा वाजता पर्च्या फाडत होतो, आठवते का तुले?"

"आठवतं. त्यांच्या पाठीवर तू नवऱ्यासाठी भाजीची यादी लिहायचीस."

 "भाजीचं नाही म्हणून राहिली मी," म्हणाली. मग ताट उचलून मोरीकडे गेली. हल्ली तिला वाक्य पुरं करायचा कंटाळा येतो. वय.

बुधवार, २४ ऑगस्ट

भूमिका सोमवारी घरी आली. आज मी कामठ्याला जाऊन आले, लीलाबाई बरोबर. वाटेत दोन्हीकडे धानाची रोवणी आटोपलेली, बांधांवर पाणी. 

पोरगी खाटेवर बसली होती. पाय ओढत चालते, पण चालते. तिने मला चालून दाखवलं, दारापर्यंत आणि परत, आणि मग म्हणाली की आता मास्तरांनी कवायत माफ केली. आनंदाने सांगत होती. मी तिच्यासाठी रंगपेटी नेली होती. ती उघडून तिने लगेच बापाच्या पायावर हिरवी रेघ ओढली.

खुशाल दुसऱ्याच्या शेतावर राबतो. हात जोडून उभा राहिला, मला ते आवडलं नाही. मी त्याला सांगितलं की कंपनीवर मी कारवाई करते आहे, त्यासाठी मला त्याच्या तोंडून ऐकायचं आहे. बारा वाजता निरोप पाठवला, ठीक. मग एक वाजता, दोन वाजता पुन्हा का नाही पाठवला? फोन का नाही केला?

तो आधी बायकोकडे पाहू लागला. मग म्हणाला, "बाई, मेसेज आला ना, थांबा म्हणून. मंग थांबलो."

"पण पोरीची अवस्था दिसत होती ना?"

"दिसत होती. बायको म्हणे, चाला. मी म्हणलो, बाईनं सांगतलं हाय निघू नका म्हणून, आपलाच नंबर कटून जाईन. पुन्हा काऊन पाठवू? तुमीच तं लिवलं, पुन्हा पुन्हा कळवू नये. आमी दोन-तीनदा मोबाइल हातात घेतला आन् ठेवला." मग म्हणाला, "गेल्या खेपेले तुमी त्या एकाले झाडलं होतं फोनवर, लवकर करा म्हणे म्हणून. मले वाटलं, बाई नाराज होतील आन् पोरीचं काम अडन."

बायको चुलीजवळ होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

मी म्हणाले, तुम्ही बरोबर केलं. शिस्त पाळली. फसवलं ते कंपनीने. लीलाबाई उठून बाहेर अंगणात गेली.

पावतीचा मजकूर बदलायचा की काय, असं परतताना क्षणभर वाटलं. मग वाटलं, मजकुरात काय आहे? लोक थांबले हा लोकांचा दोष नाही आणि थांबा म्हणणाऱ्याचाही नाही. निरोप टिकला असता तर थांबणंच योग्य होतं. तरी खुशालचा तो मोबाइल हातात घेऊन ठेवण्याचा प्रकार डोळ्यांपुढून जात नाही.

डॉक्टरांनी बजावलं आहे की पुढचं रक्त चुकता कामा नये. ९ सप्टेंबर. या खेपेला दाता आमगावचा.

शनिवार, २७ ऑगस्ट

आज भांडण झालं. खरं भांडण.

पाटीवर सहा जुने निरोप साचले. त्यांच्या गर्दीत नवा सापडायला मला वेळ लागला. उद्या भूमिकाचा निरोप असा गर्दीत बुडाला तर? मी प्रफुल्लला बोलावून सांगितलं, कंपनीला सांग, पूर्वीसारखी पाटी स्वच्छ ठेवायची सोय परत करा. तू आधी करून दिलं होतंस तसं.

तो उभाच राहिला. म्हणाला, "नाही मॅडम."

या माणसाने मला कधी नाही म्हटलेलं नव्हतं.

"का?"

"ते मी नाही करणार. दुसरं काहीही सांगा. जुने निरोप वेगळ्या रंगात दाखवतो, बाजूला काढून दाखवतो, घंटी वाजवतो. पण जाऊ नाही देणार."

"प्रफुल्ल, ही संस्था कोण चालवतं?"

"तुम्ही. मले काढून टाका. पण हे नाही करणार." त्याचे डोळे भरले होते. खर्रा थुंकायला बाहेर गेला तो परत आला नाही.

मी लीलाबाई आणि अल्काकडे पाहिलं. दोघी त्याच्या बाजूने. अल्का म्हणाली, राहू दे ना बाई, दिसले जुने तर काय बिघडतं. लीलाबाई म्हणाली, "प्रफुल्लले काही नको म्हणू. तो तुह्यासाठीच गप्प हाय."

माझ्यासाठी गप्प? माझ्यासाठी गप्प बसायला मी काय केलं आहे? मी विचारलं, तोवर ती उठली होती. चपला घातल्या, आणि दारातून म्हणाली, कंपनीला लिहू नकोस, झालं ते झालं, पोरगी वाचली ना.

सगळे मला म्हणतात, सोड. एकही जण म्हणत नाही की तू चुकीची आहेस. याचा अर्थ ते कोणाला तरी पाठीशी घालत आहेत. आणि ते कोण, याचा एकच अंदाज मला येतो, जो लिहायला हात धजत नाही. प्रफुल्लने सहा तास स्वतःच्या मनाने घातले का? निष्काळजीपणाने, कोणाला न विचारता? तो असं करणार नाही. पण मग तो रडला का?

हा संशय मी जवळ ठेवणार नाही. कंपनीकडे नोंद असते, तो मदत-क्रमांकावरचा तरुणच म्हणाला होता, प्रत्येक बदल कोणी केला, केव्हा केला आणि करताना काय कारण लिहिलं. ती मागवते. प्रफुल्ल निर्दोष आहे हे कागदावर आलं की मी ते लीलाबाईपुढे ठेवीन.

सोमवार, २९ ऑगस्ट

प्रफुल्ल आला. तक्रार त्याच्या खात्यातूनच जाते, म्हणून यावंच लागलं. मी मसुदा वाचून दाखवला. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, नाव मागितलं आहे ते वाक्य काढू का? मी म्हणाले, एक स्वल्पविरामही हलवायचा नाही. तो म्हणाला, "मॅडम, बदल करताना तिथे कारण लिहावं लागते. मले जसं सांगितलं तसंच लिहिलं होतं. शब्दशः." मी म्हणाले, उत्तम, म्हणजे तुला घाबरायचं कारणच नाही. तो काहीतरी बोलणार होता. मग मान हलवून टंकायला बसला.

कंपनीला इंग्रजीत गेलं. इथे मराठीत ठेवते.

'महोदय,

९ ऑगस्टला दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी तुमच्या रांगेत शिरलेला एका नऊ वर्षांच्या मुलीसाठीचा निरोप तुम्ही आमच्या हाती दिला नाही. त्यानंतर आलेला दिलात. ती मुलगी आज पाय ओढत चालते. तुमचा माणूस फोनवर म्हणाला की निरोपाचं आयुष्य सहा तास ठरवलेलं होतं आणि ते कोणीतरी ठरवलं. 'कोणीतरी' हे उत्तर मी स्वीकारत नाही. त्यानंतर १६ ते २० ऑगस्टच्या दरम्यान हीच मर्यादा सात दिवसांची झाली, तीही मला न विचारता.

हे दोन्ही बदल कोणी केले, कोणाच्या सांगण्यावरून केले आणि त्या वेळी कारण म्हणून काय लिहिलं, ते मला तुमच्या नोंदीतून जसंच्या तसं हवं आहे. माझ्या सहकाऱ्यांपैकी एका प्रामाणिक माणसाकडे उगाच बोट जात आहे आणि मी ते जाऊ देणार नाही. ज्याच्या सांगण्यावरून तो निरोप मेला, त्याचं पूर्ण नाव लिहा. आद्याक्षरं नकोत, पदनाम नको. ती व्यक्ती माझ्या कितीही जवळची असली तरी तिची गय करण्याचं कारण नाही, आणि माझ्या वयाचा विचार करून काही गाळायचंही कारण नाही.

त्या मुलीचं पुढचं रक्त ९ सप्टेंबरला आहे. तिची हाक पुन्हा तुमच्या रांगेत लावायची की नाही, हे मला त्याआधी ठरवायचं आहे. पोळा आणि गणपती या सबबी इथे चालणार नाहीत. फोन करू नये, मी उचलणार नाही. शनिवार, ३ सप्टेंबर २०१६, संध्याकाळी पाच वाजण्याच्या आत मला लेखी उत्तर मिळालं पाहिजे.'